मलावीच्या खेड्यांतला खोकला आणि धाप: मुलांत काय दिसतं, मोठ्यांत काय दिसतं

प्रश्न असा आहे: महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रावर काम केलेले एक डॉक्टर आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेकडच्या चिक्वावा जिल्ह्यात रुजू होणार आहेत. तिथे खोकला-धापेचे रुग्ण कोणत्या प्रकारचे येतील, मुलांत आणि मोठ्यांत फरक काय असेल आणि आपल्याकडच्या कोणत्या सवयी मोडाव्या लागतील?

छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी चार गोष्टी माहीत करून घ्या: वय, एचआयव्हीची स्थिती, मलेरियाच्या चाचणीचा निकाल आणि खोकला किती दिवसांचा. तिथे निदान चुकतं ते बहुतेक वेळा यांतली एखादी गोष्ट विचारायची राहून गेल्यामुळे. चार महिन्यांचं बाळ, तीन वर्षांचं मूल, पंधरा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतली बाई, चौघंही ‘खोकला आणि धाप’ म्हणूनच येतात; पण चौघांचे आजार चार असतात आणि उपचारही.

मुलांपासून सुरुवात करू. पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया ओळखायला लागतं ते घड्याळ, आणि ही पद्धत आपल्याला परकी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांकडून श्वास मोजून घेऊन न्यूमोनियावर उपचार केले आणि बालमृत्यू कमी झाल्याचं १९९० साली प्रसिद्ध केलं. मलावीत हेच काम ‘हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट’ म्हणजे गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते करतात. दूरच्या वस्त्यांमध्ये त्यांची गावदवाखान्यांची व्यवस्था २००८ पासून आहे. त्यांनी पाठवलेली चिठ्ठी नीट वाचत जा. मुलाला अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळाला की नाही, हे तिच्यावरूनच कळतं.

आकडे तुम्हाला पाठ असतील: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त. चूक होते ती मोजण्यात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की लहान बाळात आकडा हमखास चुकतो, कारण त्याचा श्वास एकसारखा चालत नाही. पूर्ण ६० सेकंद मोजा. मूल आईच्या मांडीवर शांत असावं, दूध पीत नसावं, कपडा वर करून पोट दिसत असावं. रडत असेल तर थांबा. छाती आत ओढली जाते म्हणजे श्वास घेताना बरगड्यांचा खालचा भाग आत जातो. नुसत्या दोन बरगड्यांमधल्या जागा आत जात असतील तर ते त्यात धरू नका.

श्वास जलद आहे किंवा छाती ओढली जातेय, पण धोक्याची खूण (त्या पुढे दिल्या आहेत) नाही आणि रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के किंवा जास्त आहे, अशा मुलाला तोंडानं अमॉक्सिसिलिन देऊन घरी पाठवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ पासून ही सोय मान्य केली आहे. मात्रा दर किलोला ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. २५० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्या असतील तर ४ ते १० किलोपर्यंत एक, १० ते १४ पर्यंत दोन, १४ ते १९ पर्यंत तीन गोळ्या एका वेळेला. पहिली मात्रा तुमच्यासमोर आईच्या हातून द्यायला लावा आणि दोन दिवसांनी परत बोलवा. ही सवलत एचआयव्हीबाधित किंवा बाधित आईच्या मुलाला नाही. त्याची छाती ओढली जात असेल तर दाखल करायचं. दोन महिन्यांखालच्या बाळालाही ती नाही.

पिता न येणं, सतत उलट्या, झटके, सुस्ती, शांत असतानाही घशातून घरघर, तीव्र कुपोषण किंवा ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली, यांपैकी काहीही असलं तर तो गंभीर न्यूमोनिया. अँपिसिलिन दर किलोला ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी आणि जेंटामायसिन ७.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, किमान पाच दिवस. दोन दिवसांत उतार नसेल तर औषध बदलण्याआधी विचार करा: फुप्फुसाबाहेर पू साचलाय का, टीबी आहे का, एचआयव्ही तपासायचा राहिलाय का.

जंतू कोणता, याबद्दलच्या समजुती आता बदलायला हव्यात. केनियातलं किलिफी, गांबियातलं बासे, माली, झांबिया, दक्षिण आफ्रिका, बांगलादेश आणि थायलंड अशा सात देशांत ‘पर्च’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दाखल झालेल्या आणि एक्स-रेवर न्यूमोनिया दिसणाऱ्या, एचआयव्ही नसलेल्या मुलांत सुमारे ६१ टक्के आजारांच्या मुळाशी विषाणू होते. श्वसनमार्गाच्या आरएसव्ही या एकट्या विषाणूचा वाटा ३१ टक्के. जिवाणू सुमारे २७ टक्के आणि टीबी सुमारे ६ टक्के. यामागे लसीकरणाचा मोठा हात आहे. मलावीत न्यूमोनिया करणाऱ्या हिब या जिवाणूवरची लस २००२ पासून आणि न्यूमोकोकस या जिवाणूच्या तेरा प्रकारांवरची लस नोव्हेंबर २०११ पासून बाळांना मिळते. आपल्याकडे न्यूमोकोकसची लस देशभर पोचायला २०२१ उजाडलं. म्हणून ज्या मुलाचं लसीकरण पुरं झालंय, ज्याला साधा ताप आणि शिट्टीसारखा आवाज आहे, त्याला दुसरं-तिसरं अँटिबायोटिक चढवून फायदा होत नाही. त्याला ऑक्सिजन, पाणी आणि नजरेखाली ठेवणं लागतं. ज्या मुलाचं लसीकरण झालेलं नाही, त्याच्याबाबत मात्र जुनी भीती अजून खरी आहे.

आता मलेरिया. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, आणि शिरे नदीच्या त्या सखल, उष्ण खोऱ्यात पावसाळ्यात वॉर्ड भरून वाहतो. मलेरियाचं मूलही जोरात श्वास घेतं, पण बघायला शिकलात तर फरक दिसतो. मलेरियानं रक्तातलं आम्ल वाढलेलं मूल खोल, ओढून श्वास घेतं. छाती ऐकली तर स्वच्छ, ऑक्सिजन ९५ च्या वर, डोळे आणि तळवे पांढरे. न्यूमोनियाचं मूल उथळ आणि भरभर श्वास घेतं, नाकपुड्या फुलतात, छातीत बारीक करकर येते. पहिल्या मुलाला ताबडतोब हिमोग्लोबिन, साखर आणि शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध हवं (२० किलोखाली दर किलोला ३ मिलिग्रॅम), आणि हिमोग्लोबिन फार खाली असेल तर रक्त. मलेरियाची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून न्यूमोनिया नाही असं ठरत नाही, कारण तिथे धडधाकट मुलांच्या रक्तातही परजीवी सापडतात. दोन्हींची लक्षणं असतील तर दोन्हींवर उपचार करा. इथे काटकसर करायची नसते.

तीन ते सहा महिन्यांचं बाळ, ताप जेमतेम, छातीत ऐकू येतं फार थोडं आणि ऑक्सिजन मात्र ७५ टक्के: असं चित्र दिसलं की न्यूमोसिस्टिस या बुरशीचा, एचआयव्हीत होणारा न्यूमोनिया डोक्यात आला पाहिजे. आपल्याकडच्या केंद्रावर तो सहसा बघायला मिळत नाही, म्हणून सुटतो. मलावीत प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २०२०-२१ च्या पाहणीत सुमारे ९ टक्के होतं. बाधित गरोदर बाईला सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) न बघता आयुष्यभराची औषधं देण्याचं धोरण २०११ मध्ये सर्वांत आधी याच देशानं घेतलं आणि त्यामुळे बाधित बाळं खूप कमी झाली. पण गरोदरपणी निगेटिव्ह असलेली आई स्तनपानाच्या काळात बाधित होऊ शकते, आणि तिचं कार्ड ‘निगेटिव्ह’च सांगत राहतं. आईची चाचणी त्याच दिवशी पुन्हा करा. बाळ बाधित किंवा बाधित आईचं असेल आणि वर्षाच्या आतलं असेल, तर नेहमीच्या इंजेक्शनांबरोबर को-ट्रायमॉक्सॅझोल मोठ्या मात्रेत सुरू करा: त्यातल्या ट्रायमेथोप्रिम या घटकाच्या हिशेबानं दर किलोला ८ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, तीन आठवडे. निकालाची वाट पाहत बसू नका.

कुपोषित मुलाबाबत एवढंच: पीक हाती येण्याआधीचे जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने. तेव्हा आलेल्या हडकुळ्या मुलाला न्यूमोनिया असला तरी त्याचा श्वास जलद नसेल, ताप नसेल, छाती ओढायला स्नायूंत जोरच नसेल. अशा मुलाला खोकला असेल तर न्यूमोनिया धरूनच चाला. आणि टीबीचा शोध घ्या: घरात कोण खोकतं ते विचारा, वजनाची रेषा बघा. बेडका काढता येत नाही म्हणून तपासणी अडत नाही. मुलाच्या शौचाच्या नमुन्यावर जीनएक्स्पर्टची (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी आता मान्य आहे.

ऑक्सिजनबद्दल सविस्तर लिहितो, कारण जिल्ह्याच्या पातळीवर सर्वांत जास्त जीव इथे वाचतात. मलावीनं २००० च्या सुमारास मुलांच्या न्यूमोनियासाठी देशभर कार्यक्रम सुरू केला: ठरावीक उपचारपद्धती, प्रशिक्षण, औषधांचा अखंड पुरवठा आणि जिल्हा रुग्णालयांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र. दाखल मुलांमधला मृत्यूदर पाच-सहा वर्षांत साडेअठरा टक्क्यांच्या आसपासवरून साडेआठपर्यंत उतरला. नवं औषध एकही नव्हतं.

ओठ निळे दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेत निळेपणा दिसतही नाही. म्हणून प्रत्येक खोकणाऱ्या मुलाला पल्स ऑक्सिमीटर लावा. बाळाला मोठ्यांची बोटाची क्लिप लावू नका, आकडा खोटा येतो. बाळासाठीचा गुंडाळायचा प्रोब पायाच्या अंगठ्याला किंवा तळव्याला लावा, पाय थंड असेल तर आधी चोळून गरम करा, लहर एकसारखी झाल्यावरच आकडा लिहा. गडद त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. ९१ दिसतंय आणि मूल बरं दिसत नाही, तर मुलाच्या दिसण्यावर विश्वास ठेवा. प्रवाह नवजात बाळाला मिनिटाला अर्धा लिटर, थोड्या मोठ्यांना एक ते दोन लिटर, नाकातल्या दुतोंडी नळीनं.

कॉन्सन्ट्रेटर चालू आहे म्हणजे ऑक्सिजन मिळतोय असं नाही. रोज सकाळी नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून बुडबुडे बघा. बुडबुडे नसतील तर गळती आहे, आणि ती बहुधा ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाशी सापडते. कमी प्रवाहाला ती बाटली लागतही नाही, काढून टाका. हवा आत घेणारी जाळी आठवड्याला साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवून बसवा. चिक्वावाच्या धुळीत ती लवकर तुंबते. यंत्र भिंतीपासून हातभर दूर ठेवा, नाहीतर तापून बंद पडतं. विजेचा दाब वरखाली होतो तेव्हा स्टॅबिलायझर हवाच, आणि वीज गेल्यावर लागणारा सिलिंडर भरलेला आहे ना, पाना जागेवर आहे ना, हे रात्रपाळीच्या आधी तपासायचं. महिन्यातून एकदा ऑक्सिजनचं प्रमाण मोजून घ्या; ८२ टक्क्यांच्या खाली गेलं तर आतले, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे चाळणीचे डबे निकामी झालेत.

बबल सीपॅप (नाकातून सतत दाबानं हवा-ऑक्सिजन देणारं साधन) बसवण्याचा मोह होईल. सावध राहा. मलावीतल्याच सलिमा जिल्हा रुग्णालयात एचआयव्ही, कुपोषण किंवा कमी ऑक्सिजन असलेल्या गंभीर न्यूमोनियाच्या मुलांवर त्याची साध्या ऑक्सिजनशी तुलना झाली. सीपॅपच्या गटात मृत्यू १७ टक्के, साध्या ऑक्सिजनच्या गटात ११ टक्के, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. डॉक्टर दिवसभर वॉर्डात नाहीत, पोट फुगलंय का बघायला कोणी नाही, अशा ठिकाणी माझं मत स्पष्ट आहे: आधी साधा ऑक्सिजन चोवीस तास अखंड मिळेल असं बघा, मग पुढचं.

शिट्टीसारखा आवाज येत असेल तर न्यूमोनिया ठरवण्याआधी सालब्युटामॉलचा (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप १५-२० मिनिटांच्या अंतरानं तीनदापर्यंत देऊन श्वास पुन्हा मोजा. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली चालते; दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासानं ती बाजारच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरवली. पंपाच्या तोंडाच्या मापाची तार वाकवून तापवा, बाटलीच्या बुडाला तेवढंच भोक पाडा, पंप घट्ट बसवून फटी गोंदानं किंवा चिकटपट्टीनं बुजवा. बाटली आधी भांड्याच्या साबणानं धुऊन, न पुसता वाळू द्या. पुसली तर स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीलाच चिकटतं. एका वेळी एकच फवारा, मग मुलाला बाटलीच्या तोंडातून पाच-सहा साधे श्वास. लहान बाळासाठी तोंडाला मास्क जोडा.

दहा-पंधरा वर्षांची मुलं हा गट आपल्याकडे क्वचितच भेटतो. जन्मापासून एचआयव्ही असलेली आणि औषधं उशिरा सुरू झालेली ही मुलं उंचीनं खुजी असतात, थोडं चाललं की धाप लागते, बसल्या जागी ऑक्सिजन ठीक आणि जिना चढल्यावर उतरतो. एक्स-रे जवळजवळ स्वच्छ दिसतो, म्हणून त्यांना एक तर दमा म्हटलं जातं किंवा टीबीची औषधं पुन्हा पुन्हा दिली जातात. यांच्या बारीक श्वासनलिका व्रणांनी बुजलेल्या असतात. हरारे आणि ब्लांटायरमध्ये अशा मुलांना आठवड्याला एकदा अझिथ्रोमायसिन देऊन पाहिलं. फुप्फुसाची क्षमता सुधारली नाही, पण आजार उसळण्याचे प्रसंग कमी झाले. आधी टीबी नाही याची खात्री करा आणि एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) आटोक्यात आणा.

मोठ्यांकडे वळू. थंडी वाजून ताप, एका बाजूला टोचणारी कळ, गंजलेल्या रंगाचा बेडका आणि वय तीस: हा न्यूमोकोकसचा न्यूमोनिया, आणि तिथे तो तरुणांत येतो त्याचं मोठं कारण एचआयव्ही. खोकला किती दिवसांचा याला फार महत्त्व आहे. एचआयव्ही नसेल तर दोन आठवड्यांवरचा, आणि असेल तर कितीही दिवसांचा खोकला म्हणजे बेडका जीनएक्स्पर्टला गेलाच पाहिजे. एचआयव्हीचा रुग्ण फार आजारी असेल तर लघवीतून टीबी शोधणारी लॅम चाचणी पलंगाशेजारीच होते. साध्या न्यूमोनियाला लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देण्याची आपल्याकडची सवय तिथे सोडून द्या. ते टीबीला थोडं दाबतं, रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर लांबतं.

लोक आजार कोणत्या शब्दांत सांगतील तेही ऐकून ठेवा: चिफुवा म्हणजे खोकला, चिफुवा चाचिकुलू टीबी, चिबायो न्यूमोनिया, म्फूमू दमा, मालुंगो मलेरियाचा ताप.

जुनाट धापेचं चित्र आपल्या अपेक्षेला धक्का देणारं आहे. धूर म्हणजे सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), असं आपण धरून चालतो. चिक्वावाच्या प्रौढांची फुंकून मोजणी झाली तेव्हा श्वासनलिका अरुंद झालेले सुमारे ९ टक्के निघाले, आणि ज्यांच्या फुप्फुसाचं एकूण आकारमानच कमी आहे असे सुमारे ३५ टक्के. युगांडाच्या मासिंदी भागात चित्र वेगळं आलं: तिशीपुढच्या सुमारे १६ टक्के लोकांना सीओपीडी, त्यात तिशीतलेच बरेच, आणि स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीनं. म्हणजे एका जिल्ह्याचा आकडा अख्ख्या खंडाला लावता येत नाही. गांबियात तर ऋतूंचं गणितही वेगळं: आरएसव्ही पावसाळ्यात आणि न्यूमोकोकस कोरड्या, धुळीच्या महिन्यांत.

लहान फुप्फुस येतं कुठून? जन्मवजन कमी, बालपणी कुपोषण, वारंवार न्यूमोनिया, पुढे टीबी. मुलांच्या वॉर्डातलं अर्धवट बरं झालेलं मूल चाळीस वर्षांनी असं परत येतं. तपासताना एवढं करा: फुंकताना हवा बाहेर पडण्याच्या वेगाचं प्रमाण ठीक आणि फुप्फुसाचं आकारमान कमी असेल तर पंप देऊन फायदा नाही, महिनोन्महिने सालब्युटामॉलच्या गोळ्या तर नाहीच. पाय सुजलेत का, मानेच्या शिरा फुगल्यात का, हृदयाचा आवाज वेगळा आहे का बघा. तरुण बाईची धाप वाताच्या तापानं खराब झालेल्या झडपांची किंवा बाळंतपणानंतर कमजोर पडलेल्या हृदयाची असू शकते.

टीबी बरा झाला म्हणजे फुप्फुस बरं झालं, असं नसतं. ब्लांटायरमध्ये उपचार नुकते पुरे केलेल्यांचा सीटी स्कॅन काढला तेव्हा ४४ टक्क्यांच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या आढळल्या. असा माणूस पुढे दरवेळी बेडका-खोकला घेऊन येतो आणि चाचणी न करताच टीबीची औषधं पुन्हा सुरू होतात. बेडका तपासून मगच ठरवा. जंतू नसतील तर बेडका निघायचे व्यायाम आणि उसळी आली तर अँटिबायोटिक, एवढंच त्याला लागतं.

धुराबद्दल तुम्हाला नक्की विचारलं जाईल. घरोघरी लाकूड जळतं, पाठीवर बांधलेलं बाळ आईबरोबरच तो धूर घेतं, आणि चिक्वावाच्या त्याच अभ्यासात प्रौढांच्या भोवतालच्या बारीक कणांचं प्रमाण घनमीटरमागे सुमारे ७१ मायक्रोग्रॅम मोजलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाची मर्यादा ५ आहे. तरीही चिक्वावा आणि करोंगा या दोन जिल्ह्यांत दहा हजारांहून जास्त मुलांच्या घरांत पंख्याच्या, कमी धुराच्या शेगड्या देऊन झालेल्या मोठ्या चाचणीत मुलांचा न्यूमोनिया कमी झाला नाही. भारत, रवांडा, ग्वातेमाला आणि पेरूत गॅस देऊन पाहिला, तिथेही बाळांचा गंभीर न्यूमोनिया घटला नाही. धूर निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. कचरा जाळणं, विटांच्या भट्ट्या, रस्त्याची धूळ, शेजारची चूल, हे सगळं एका शेगडीनं जात नाही. उघड्यावर स्वयंपाक, वाळलेलं लाकूड, बाळ चुलीपासून लांब, हे जरूर सांगा. शेगडीमुळे न्यूमोनिया टळेल असं वचन मात्र देऊ नका. लस, सहा महिने निव्वळ स्तनपान आणि एचआयव्हीची औषधं यांचा पुरावा भक्कम आहे.

शेवटचा गट पन्नाशी-साठीपुढचे पुरुष. मलावीतून कामगार दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जात. ही भरती १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबली. धाप, कोरडा खोकला आणि एक्स-रेवर वरच्या भागांत बारीक ठिपके असतील, तर खाणीत किती वर्षं आणि जमिनीखाली की वर, हे विचारा. सिलिकोसिस (खाणीतल्या दगडी धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) बरा होत नाही, पण त्यात टीबीचा धोका खूप वाढतो, म्हणून प्रत्येक भेटीत बेडका तपासा. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीतून त्शियामिसो ट्रस्ट उभा राहिला. तो काही ठरावीक खाणींत १२ मार्च १९६५ नंतर काम केलेल्यांना सिलिकोसिस आणि खाणकामाशी जोडलेल्या टीबीसाठी भरपाई देतो. कामगार वारला असेल तर कुटुंबाचा दावाही चालतो. खाणीचं नाव, कामाची वर्षं आणि जुना कामगार क्रमांक केसपेपरवर लिहून ठेवा, एक्स-रे रुग्णाच्याच हाती द्या, आणि दाव्यांची मुदत चालू आहे का ते आधी चौकशी करून मगच त्याला प्रवासाचा खर्च करायला सांगा.